भालदाराची परतवाट

चूक माझीच होती, हे आधीच सांगतो. तेव्हा मी कोल्हापुरात एका स्टुडिओत पटकथा लिहीत असे. माझा साचा ठरलेला होता. नायक घर सोडतो, संकटं सोसतो, काहीतरी मिळवतो आणि ते घेऊन घरी परततो.

दरबाराच्या सेटवर भालदार म्हणून उभा राहणारा आजऱ्याकडचा एक माणूस रोज दिसे. नट व्हायचं म्हणून वडिलांशी भांडून आलेला. कॅमेरा थांबला तरी तो भाला खाली ठेवत नसे. एका दुपारी चिकटवलेली मिशी खोबरेल लावून सोडवत त्यानं मला विचारलं, "सायेब, तुमचा हिरो रिकाम्या हातानं घरी गेला तर चालत न्हाय व्हय?"

मी हसलो. "मग तो हिरो कसला रे? लोक खुर्च्या मोडतील!"

"व्हय की. मग आमी भालदारच बरं," तो म्हणाला.

नंतर त्याच्या सोबत्यानं सांगितलं, की त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते. तो त्याच संध्याकाळी गावी निघणार होता, पण माझं ऐकून त्यानं बांधलेलं गाठोडं सोडलं. हे कळूनही मी दोन दिवस गप्प राहिलो. एका भालदाराची माफी मागायला माझी जीभ वळत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी सेटवर गेलो आणि सगळ्यांसमोर त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. "माझं चुकलं. मी बोललो ते फक्त पडद्यापुरतं खरं होतं. तुमचे वडील तुमची वाट बघताहेत, तुमच्या हातात काय आहे ते बघणार नाहीत. मला माफ करा आणि आजच्या गाडीनं घरी जा."