घारीच्या पिल्लाची आत्या

त्या मंगळवारी सकाळी माझा भाऊ सायकलवरून कारखान्यात ड्यूटीला निघाला आणि रुआबांध्याच्या वळणावर ट्रकखाली आला. मी नेहरू नगरला शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक लिहीत होते. फोन आला. मी पेनाला टोपण लावलं आणि निघाले.

घरी पोचले तेव्हा आई जिन्यात उभी राहून भिंतीवर डोकं आपटत होती. शेजारचे काका तिला दोन्ही दंडांना धरून मागे ओढत होते. वर गच्चीवर घार ओरडत होती. तिला पिल्लं होती, जिन्यात इतकी माणसं जमलेली तिला नको होती.

तिचं घरटं आमच्या क्वार्टरमागच्या निलगिरीवर होतं. काड्या, चिंध्या, वायरचे तुकडे. गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं की आतलं सगळं दिसायचं. तिनं अंडी घातली त्या दिवसापासून गच्ची तिची झाली. भाऊ कपडे वाळत घालायला गेला, तर मागून येऊन तिनं त्याच्या टाळूत नख्या रुतवल्या. रक्त कानामागून शर्टात उतरलं. दुसऱ्या दिवसापासून तो प्लांटमधलं पिवळं हेल्मेट घालून गच्चीवर जाऊ लागला.

"बांबू आणतो. पाडून टाकू," काका म्हणाले.

"काका, क्वार्टर माया, किरायेदार माई. तुमाले काय तरास?" भावानं विचारलं.

पिल्लं दोन निघाली. एक मोठं, दुसरं त्याच्या निम्मं. घार तळ्यावरून मासे आणायची, त्यामुळे भाऊ सगळ्यांना सांगत सुटला की ही साधी घार नाही, मासे धरणारी मीनघार आहे. मी ग्रंथालयातून पुस्तक आणून त्याला दाखवलं की मीनघार आपल्याकडे फक्त हिवाळ्यात पाहुणी येते, घरटं करत नाही. त्यानं चित्र पाहिलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "इले वाचता येत नाही ना, म्हणून केलं तिनं."

अपघाताच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं कठड्याशी उभे होतो.

"ताई, बारसं करू."

"कोणाचं?"

"पोराईचं. मी बाप, तू आत्या. नाव आत्याच ठेवते ना? लहान्याचं ठेव आधी."

"थांब थोडं."

"कावून?"

मी वाचलं होतं ते सांगितलं. बरेचदा मोठं पिल्लू धाकट्याला मारून टाकतं. कोण जगतं ते कळू दे, मग नाव.

"तू तर पोस्टमार्टम झाल्यावर बारसं करशील वो."

"मग तू सुचव."

"फोरमॅन. वर बसून राहते, खाली पाहून ओरडते."

"पाखराला शोभतं का हे?"

"आमच्या फोरमॅनले शोभून राहिलं, याले काय झालं?"

आणि त्यानं माझ्या पाठीत एक बुक्का हाणला. आमच्याकडे आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं की बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्के मारतात. हसत मारतात, पण लागतात. "हा ॲडव्हान्स," तो म्हणाला. नाव मात्र मी ठेवलं नाही.

मंगळवारनंतर घर नातेवाइकांनी भरलं. सुतकात बारशाचा विषय कोण काढणार? मला कोणाशी बोलवेना. मी त्याचं हेल्मेट घालून गच्चीवर जाऊन बसायची. घार हेल्मेटवर झडप घालायची, नख्यांचा खर्रकन आवाज डोक्यात घुमायचा, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं.

तिथूनच मी पाहिलं. मासा आला की मोठं पिल्लू आधी धाकट्याच्या मानेवर चोच मारायचं. एकदा नाही, ते पडेपर्यंत. मानेची कातडी सोलली गेली होती, लाल मांस उघडं होतं. धाकटं तोंड काड्यांत खुपसून पडून राहायचं. आठव्या दिवशी ते उठलं नाही. घारीनं त्याला पायाखाली धरलं, फाडलं आणि तुकडे मोठ्याला भरवले. मी शेवटपर्यंत पाहत राहिले. पुस्तकात लिहिलं होतं तसंच झालं होतं. माझं बरोबर निघालं होतं.

तेरवीला आई कावळ्यासाठी पान घेऊन स्वतः गच्चीवर गेली, उघड्या डोक्यानं. मी मागोमाग गेले, काका आले. कावळा शिवल्याशिवाय खाली कोणी जेवणार नव्हतं. कावळे समोरच्या तारेवर बसले होते, पण घारीच्या भीतीनं एकही पुढे येईना. दुपार टळत आली.

मग घारच आली. आईनं पान कठड्यावर सरकवायला हात पुढे केला होता. नख्या मनगटात शिरल्या, पान उलटलं आणि घार वडा घेऊन घरट्यावर गेली. आईच्या हातातून भातावर रक्त ठिबकलं. तिकडे घारीनं वडा कुस्करून पिल्लाच्या चोचीत दिला.

"मी तवाच सांगतलं होतं," असं म्हणत काकांनी कोपऱ्यातला बांबू उचलला आणि घरट्याकडे रोखला.

आईनं तो हिसकावून घेतला आणि कठड्यावर आपटून आपटून त्याच्या चिरफळ्या केल्या. "तिच्या पोरानं माया पोराचा घास खाल्ला. आता कोणी हात लावून पाहा."

काका दोन पावलं मागे सरले. आई माझ्याकडे वळली.

"नाव ठेव त्याचं."

"आई, त्यानंच लहान्याला मारलं."

"मले दिसलं नाही काय? ठेव."

मी कठड्यावर वाकले. पिल्लानं माझ्याकडे पाहून चोच उघडली. चोचीला वड्याचा चुरा लागला होता. मी म्हणाले, "फोरमॅन."

आईचा पहिला बुक्का पाठीच्या मधोमध बसला. पाच मारतात. तिनं मोजले नाहीत. मी कठडा धरून उभी राहिले. तिच्या मनगटातलं रक्त माझ्या ब्लाउजमधून पाठीला लागत होतं. दम संपला तेव्हा ती थांबली, पदरानं हात बांधला आणि खाली जाऊन पानं वाढायला लागली.

फोरमॅन त्या उन्हाळ्यात उडून गेला. यंदा निलगिरीवर पुन्हा घार बसली आहे. तीच की दुसरी, मला सांगता येत नाही. घरात आता आई आणि मी आहोत. कपडे वाळत घालायला जाताना आम्ही आळीपाळीनं ते पिवळं हेल्मेट घालतो.