नाल्याला होडी कशाला?

भागुबाई कोळीण सकाळी चहाच्या आधी नदीचा रंग बघते. वरच्या कारखान्यात ज्या रंगाचा माल, त्या रंगाची आमची सावरी. कधी हिरवी, कधी जांभळी. आम्ही शाळेत 'आमची नदी' हा निबंध खिडक्या लावून लिहायचो.

एके काळी या नदीतून कौलांनी भरलेले पडाव थेट बाजारपुलापर्यंत यायचे. आता येते ती एकटी भागुबाईची होडी. मासे ती खाली खाडीच्या तोंडाशी धरते आणि भरतीबरोबर वर येऊन पुलाखाली विकते. साठी उलटली तरी वल्ह्याला हात लावू देत नाही. मी एकदा लावला, तर म्हणाली, "बाला, तू पुस्तकं वल्हव."

कारखाना आला तेव्हा कुठल्याशा कागदावर सावरीचा 'नाला' झाला. ना बारसं, ना पेढे. गेल्या वर्षी नगरपालिकेला हा नाला अचानक आवडला. वर स्लॅब टाकायचा, स्लॅबवर गाड्या लावायच्या. म्हणजे होडीचा रस्ता बंद, आणि भागुबाईचा बाजारही.

सावरी नदीच आहे, असा तिने अर्ज दिला. पाहणीला पालिकेचे दिनानाथ साहेब आले, अष्टमीच्या दुपारी. अष्टमीला भांगाची भरती, लेचीपेची, पुलापर्यंत चढतच नाही. आणि दुपारी तर ओहोटीच. साहेबांना दिसला चिखल आणि दोन चपला. त्यांनी लिहिलं, 'नाला'.

"साहेब, तुम्ही तारीख बघून आलात, तिथी न्हाय बघितली," भागुबाई म्हणाली. "अवसेला या, दुपारी बाराला."

"नदी तेव्हा घरी असेल का, मावशी?"

"मी हाय ना. बसवून ठेवते तिला."

साहेब आले, पण वक्तशीर माणूस, दहालाच. पात्र कोरडं बघून जीप खाली उतरवली आणि टेप घेऊन मधल्या खडकावर गेले.

"साहेब, गाडी वर घ्या. उधाण हाय."

"नाल्यात कोण वाहून जातंय?"

भागुबाईने मान डोलवली आणि रात्रीच्या भरतीला काठाशी आणलेल्या होडीत बसून पान लावायला घेतलं. मी पुलावर उभा होतो. खरं तर मीही ओरडायला हवं होतं, पण असा तमाशा रोज कुठे बघायला मिळतो?

साहेब रुंदी मोजण्यात दंग. साडेअकराला तिवरांच्या मुळांत पाणी कुजबुजलं. बाराला जीपची चाकं पाण्याखाली गेली. सव्वाबाराला साहेब खडकावर गुडघाभर पाण्यात, फाइल डोक्यावर. पुलावर आता पन्नास माणसं.

"मावशी! होडी आणा!"

"नाल्याला होडी कशाला, साहेब? चालत या."

"अहो, पाणी वाढतंय!"

"नाल्याचं पाणी वाढतं व्हय?"

"नदी आहे, मावशी! नदी!"

"मना काय सांगताव? मना ठावं हाय. कागदाला सांगा."

साहेबांनी डोक्यावरची फाइल उतरवली, खिशातलं पेन काढलं आणि तिथेच 'नाला' खोडून 'भरतीची नदी' लिहिलं. तारीख घातली. "तिथी पण टाका," भागुबाई म्हणाली. त्यांनी 'अमावास्या' लिहिलं. मगच होडी हलली.

काठावर उतरले तेव्हा त्यांची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत जांभळी झाली होती. तो दिवस जांभळ्याचा होता.

"हा रंग जाईल ना?"

"माझ्या लुगड्याचा अजून गेला न्हाय," ती म्हणाली. "पण ऱ्हावद्या. हापिसात कुणी इचारलं, कुठं गेलेलात, तर दाखवायला बरा."

साहेबांनी पँटकडे बघितलं. मग फाइल पुन्हा उघडली आणि स्वतःहून खाली एक ओळ वाढवली, पाण्याच्या रंगाची.

स्लॅबचं काम थांबलंय. पुलावर पालिकेने पाटी लावली आहे, 'सावरी नदी (नाला)'. भागुबाईला वाचता येत नाही. मी तिला कंस सोडून वाचून दाखवलं.