मी आलो तरी चावी देऊ नका

मारुंजीतल्या एका बंगल्याच्या बंद गेटबाहेर मी उभा, आणि आत पार्किंगमध्ये मीच बसवलेल्या चार्जरमधून धूर निघतोय. होता बिडीएवढा, पण मला वीटभट्टीएवढा दिसत होता. गाडी चार्जिंगला लावलेली. बरोब्बर वर भाड्याच्या चार खोल्या, त्यांत नाइट शिफ्ट करून आलेले भाडेकरू भरदुपारी गाढ झोपलेले.

घरोघरी इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर बसवणं हा माझा धंदा. चार्जर म्हणजे भिंतीवरची पेटी, तिला जाड केबल, टोकाला गाडीत खुपसायची गन. केबलमध्ये तांबं असतं, म्हणून चोरांचा डोळा. या घरच्या बापूसाहेबांचा पहिला चार्जर असाच गेला. कंपनीचे टी-शर्ट घातलेले दोघे दिवसाढवळ्या आले, शॉर्ट सर्किट आहे म्हणाले, वहिनींच्या हातचा चहा प्यायले आणि मशीन घेऊन गेले.

दुसरा मी बसवला, तेव्हा वहिनी माहेरी होत्या, म्हणून त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. मी बापूसाहेबांना छाती फुगवून सांगितलं, "चावी कुणालाही द्यायची नाही. मी आलो तरी नाही." त्यांनी ते फारच मनावर घेतलं. चार्जरभोवती पत्र्याचा असा पिंजरा करून घेतला, की आत वाघ ठेवला असता तर वाघानं वनखात्याकडे बदलीचा अर्ज टाकला असता. तो बघायलाच मला बोलावलं आणि स्वतः चाकणला कांद्याच्या लिलावाला गेले. फोन उचलेनात.

चार्जर बंद करायचं लाल बटण पिंजऱ्यात. मेन स्विच मीटरच्या खोलीत, तिलाही कुलूप. मोबाइलवरून बंद करावा, तर पत्र्यानं वायफायचा गळा दाबलेला. फायर ब्रिगेडला फोन केला, पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून बंब येईपर्यंत माझी दोन्ही पोरं रिटायर झाली असती.

वर गॅलरीत वहिनी. कमरेला चाव्यांचा जुडगा.

"वहिनी, मी चार्जरवाला. लवकर उघडा, आत शॉर्ट सर्किट होतंय."

बोललो आणि जीभ चावली.

"त्येबी शॉर्ट सर्किटच म्हणले हुते."

"जळका वास येत नाही का तुम्हाला?"

"येतोय की. पर बसवणाऱ्या इंजिनिअरनंच सांगितलंय, इंजिनिअर आला तरी चावी द्यायची न्हाई."

"तो इंजिनिअर मीच, वहिनी."

"मंग तर न्हाईच. अन् खाली येऊन कुलूपबी काढणार न्हाई."

धूर आता काळा पडायला लागला होता. तेवढ्यात सुचलं, की करंट गाडी ओढतेय. गाडीनंच ओढायचं थांबवलं तर? ही गाडी अनलॉक केली की चार्जिंग तोडते.

"गाडीची चावी कुठंय?"

"हाय माझ्यापाशी. देणार न्हाई."

"देऊच नका. तिथूनच उघडायचं बटण दाबा. गेट बंदच राहू द्या, मी बाहेरच उभा आहे."

वहिनी विचारात पडल्या. तेवढ्या वेळात माझी दाढी बोटभर वाढली. मग गाडी पिकपिक वाजली, गनवरचा हिरवा दिवा विझला. धूर हळूहळू विरळ झाला, थांबला. मी फूटपाथवर बसकण मारली.

गेट मात्र उघडलं नाही. बंबवाल्यांना फोन करून धूर थांबल्याचं कळवलं, मग दीड तास उन्हात बसलो. शेवटी चहा तरी द्या म्हटलं.

"त्या दोघांनाबी चहाच दिला हुता," वहिनी म्हणाल्या.

बापूसाहेब आले, पिंजरा उघडला. पेटीची एक बाजू वितळलेली. पिंजरा बसवताना फॅब्रिकेटरनं केबल ओढली होती. आतला स्क्रू ढिला झाला, आणि वायर जिथं ढिली तिथं तापतेच.

नवा पिंजरा जाळीचा केला, लाल बटण बाहेर आणलं. बापूसाहेबांना पटेना. "चोरानं दाबलं तर, राव?"

"तर चार्जिंग थांबेल. थांबू दे."

गिऱ्हाइकाला सल्ला मी आजही तोच देतो. फक्त आधी बटण बाहेर काढतो, मग तोंड उघडतो.