ऊन आमचं, झाड त्याचं

तेव्हा घरात मी, मुलगा सुधीर आणि सून नलू, एवढेच होतो. नवरा गेला, गावचं घर गेलं, म्हणून एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास मी अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला सुधीरकडे आले.

शेजारी एक चिनी म्हातारा राहतो. बर्फ पडला की तो आमच्या घराभोवती वाकून बघत फिरायचा, भिंतीला तळहात लावून उभा राहायचा. मला धडकीच भरायची.

"आई, तो शेजारी आहे, चोर नाही," नलू म्हणायची.

"शेजारी चोरी करत नाही होय गं?"

मग उन्हाळ्याच्या तोंडाला तो बोराचं रोप घेऊन दारात आला. सुधीरने त्याचं बोलणं मला सांगितलं. त्याचं अंगण आमच्या घराच्या सावलीत. आमच्या दक्षिणेच्या भिंतीशी बर्फ आधी वितळतो, बोर तिथंच जगेल. "ऊन तुमचं, झाड माझं, बोरं निम्मी निम्मी."

झाड जगलं. तो न विचारता आमच्या अंगणात येतो, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. वाटणीत मात्र मोठी बोरं आमच्या पायरीवर ठेवतो. का ठेवतो, कोण जाणे. माझा अजून विश्वास नाही.

आता सुधीर घर विकतोय. वाचणाऱ्यांपैकी कोणी घेतलं तर बोर वाळलं समजून उपटू नका, ते इथं उशिरा फुटतं. आणि म्हाताऱ्यावर लक्ष ठेवा, पण त्याला आत येऊ द्या.