बत्तीस पानांत नसलेली मुलगी

त्या हुकूमशहाचं नाव मी इथे लिहिणार नाही. तेरा वर्षांची असताना, एका शुक्रवारी दुपारी, आखातात, रास अल खैमातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये ते मी पाच मिनिटांत अकरा वेळा घेतलं होतं आणि वर टाळ्या मिळवल्या होत्या. तेवढं पुरे.

बाबा सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. सुट्टीवरून येताना लोक लोणची-पापड आणायचे, बाबा पुस्तिका आणायचे. स्वस्त कागद, मध्ये दोन पिना, बत्तीस पानं. हुंड्याविरुद्धच्या, बुवाबाजीविरुद्धच्या, थोर पुरुषांच्या. मी त्यांच्यावर वाढले. वर्गातली मुलं कॉमिक्समध्ये रमायची आणि माझ्या अंगावर 'तरुणांनो, उठा!' वाचून काटा यायचा. छापलेलं ते खरं, आणि तावातावाने छापलेलं तर जास्तच खरं, असं मला वाटे.

तिथल्या मराठी मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता 'मला आवडणारे थोर पुरुष'. बाकीची मुलं नेहमीची माणसं घेणार, म्हणून मी पुस्तिकांच्या गठ्ठ्यातून हा माणूस काढला. हरलेल्या देशाला उभं करणारा, बेकारांना काम देणारा, सिगारेटला न शिवणारा, शाकाहारी. शिवाय त्या वर्षीचे प्रमुख पाहुणे जर्मन होते, बाबांच्या कारखान्यातले साठी ओलांडलेले इंजिनियर.

"साहेब खूश होतील बघ," बाबा म्हणाले.

साहेबांना मराठी कळत नव्हतं, पण ते नाव कळत होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं असावं, आपण चुकीचं ऐकलं. तिसऱ्या-चौथ्यांदा त्यांनी हातातला रुमाल घडी करून गुडघ्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघणं सोडलं. 'शाकाहारी'ला सगळ्यात मोठी टाळी पडली.

पहिलं बक्षीस म्हणजे थर्मास. तो द्यायला साहेब उभे राहिले तेव्हा बाबा अभिमानाने इंग्रजीत म्हणाले, "सर, माझी मुलगी तुमच्या महान नेत्याबद्दल बोलली."

"काय बोललीस?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा इंग्रजीत करून सांगितलं, की प्रत्येक देशाला असा एक माणूस हवा.

त्यांनी थर्मास माझ्या हातात दिला. हात मिळवला नाही. बटाटेवडे यायच्या आत ते निघून गेले.

आठवडाभर बाबा तेच विचारत राहिले. "साहेबांचं काय बिनसलं?"

"विचारा की," आई म्हणाली.

"असं कसं विचारायचं!"

शेवटी साहेबांनीच आम्हा तिघांना घरी कॉफीला बोलावलं. टेबलावर केक होता. त्याच्या शेजारी एक रिकामं ताट. पांढरं, निळ्या काठाचं, एका बाजूला टवका उडालेलं.

आईला सावकाश बोललेलं इंग्रजी कळायचं, म्हणून ते सावकाश बोलत होते. त्यांच्या गल्लीत एक ज्यू कुटुंब होतं. मुलगी पहिलीत त्यांच्या शेजारी बसायची. मग ज्यू मुलांना शाळेतून काढलं. मग बागेतल्या बाकावर बसायला बंदी. मग कोटावर पिवळा तारा शिवायची सक्ती. साहेब दहा वर्षांचे असताना एका सकाळी पोलीस आले आणि त्या कुटुंबाला घेऊन गेले. प्रत्येकी एक सुटकेस, वर नाव लिहिलेलं. "पूर्वेकडे कामाला नेतायत," साहेबांची आई म्हणाली. थोड्याच दिवसांत त्या घरातल्या सामानाचा लिलाव झाला. अख्खी गल्ली आली. साहेबांच्या आईने ताटं घेतली.

"दोन पूर्ण संच होते," साहेब म्हणाले. "आई म्हणाली, बघा, केवढी ही श्रीमंती! खूप वर्षांनी मला कळलं, एक संच दुधाच्या पदार्थांसाठी, एक मांसासाठी. त्यांच्या धर्मात ते एकत्र चालत नाही. आम्ही दोन्हींत काहीही खात होतो."

आईने हातातला केक खाली ठेवला. आमच्याकडे मासळीचं पातेलं वेगळं आणि नैवेद्याची वाटी वेगळी. दोन्हींची घासणीसुद्धा ती एक होऊ देत नसे.

"आणि ती मुलगी?" आईने विचारलं.

"तुमच्या मुलीपेक्षा लहान होती." ते माझ्याकडे बघत होते. "त्यांना नेणारी आगगाडी छावणीला गेली. तिथे माणसांना विषारी वायूने मारत आणि भट्ट्यांत जाळत. म्हाताऱ्यांना, आयांना, तान्ह्या मुलांना. युद्ध संपल्यावर माझी आई म्हणाली, आम्हाला कुठे माहीत होतं! पण परत येणाऱ्या माणसांची ताटं कोणी विकतं का? दहा वर्षांच्या मलाही ते कळत होतं."

केक तसाच राहिला.

घरी आल्याआल्या मी पुस्तिका पुन्हा वाचली, पहिल्या पानापासून बत्तिसाव्यापर्यंत. छावण्या नव्हत्या. रस्ते होते, शिस्त होती, शाकाहार होता. 'ज्यू' हा शब्द एकदाच होता, 'देशद्रोही' ह्या शब्दाला चिकटून. आणि ते वाक्य मला पाठ होतं. मी ते बोलले होते. स्टेजवरून, हात उंचावून.

"बाबा, हे तुम्ही वाचलं होतं?"

"अगं, युद्धात असं..."

"युद्धात नाही, बाबा. पहिलीच्या वर्गात."

बाबा पुस्तिकेची पानं उलटत राहिले. मला एकच गोष्ट कळत होती. जे मी भर सभेत बोलले, ते मला भर सभेतच परत घ्यायला हवं होतं.

पुढच्या वर्षी विषय ऐच्छिक होता. अर्जावर मी लिहिलं, 'मी गेल्या वर्षी काय बोलले'. मंडळाचे सेक्रेटरी काका अर्ज घेऊन घरी आले. त्या ज्यू मुलीबद्दल बोलणार, हे मी त्यांना सांगितलं.

"बेटा, हा विषय इथे नको. ह्या देशात त्या लोकांचं नावसुद्धा कोणी काढत नाही. आपण पाहुणे. एक तक्रार झाली की व्हिसा खलास, तुझ्या बाबांचा आणि माझाही."

"मग गेल्या वर्षी कसं चाललं?"

"गेल्या वर्षी थोर पुरुष होते ना!"

"थोर!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

काका गेल्यावर बाबांनी अर्ज घेतला, माझा विषय खोडला, 'शिस्तीचे महत्त्व' असं लिहिलं आणि सही केली. मी ओरडणार इतक्यात म्हणाले, "बोलायचं ते बोल. कागदावर नको." जन्मभर छापील कागदावर विश्वास ठेवलेला माणूस मला हे सांगत होता.

मी शिस्तीवरच बोलले. एक गल्ली शिस्तीत उभी राहून शेजाऱ्यांची ताटं कशी विकत घेते, ते सांगितलं. त्या घरात पहिलीतून काढलेली एक मुलगी होती, हे सांगितलं. "हे ज्याच्या राज्यात झालं त्याची मी गेल्या वर्षी इथे स्तुती केली. ती मी परत घेते. ती मुलगी..."

काकांनी घंटा वाजवली. पाच मिनिटांची घंटा, दुसऱ्या मिनिटाला. सोबत आणलेला थर्मास मी टेबलावर ठेवला आणि खाली उतरले. टाळी एकही नाही. बाबा बुटांकडे बघत होते. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते साहेब केव्हाच मायदेशी परतले होते.

वड्यांच्या रांगेत माझ्यामागे एक गवंडी उभे होते. सिंधुदुर्गातले, साइटवर काम करणारे, कार्यक्रमांना हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहणारे.

"बाय," ते हळूच म्हणाले, "घंटा वाजली नसती तर फुडे काय सांगणार होतंस? त्या पयलीतल्या चेडवाचा काय झाला?"

मी रांग सोडली. त्यांनीही सोडली. खिडकीपाशी उभं राहून मी सगळं सांगितलं. सुटकेस, गाडी, वायू, भट्टी.

"आणि हे गल्लीतले त्येंच्याच ताटात जेवले?"

"हो."

त्यांनी बाहेर उभ्या गाड्यांकडे तोंड फिरवलं. "गेल्या वर्षी मीय टाळ्यो वाजवलंय," ते म्हणाले. मग मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या आपल्या दोन सोबत्यांना त्यांनी हाताने बोलावलं. "ह्यांकाय सांग. पयल्यापासून सांग."

ते दोघे आले. मी आवाज खाली आणला, आणि पहिल्यापासून सुरू केलं.