वगळलेला चॅनेल

केबलची वायर थेट टीव्हीत खोचली की वेगळा बॉक्स लागत नाही. टीव्ही आपला आपणच चॅनेल शोधत बसतो. आज तसाच शोधत होता. यादीत कीर्तनाचा चॅनेल उमटला आणि मी नजर खाली वळवली.

आईला रिमोटवरचं एकच बटण ठाऊक होतं, पुढचा चॅनेल लावायचं. ते दाबत दाबत ती कीर्तनापर्यंत पोचायची. त्या टाळमृदंगाचा मला वैताग यायचा. ती देवळात गेली असताना मी सेटिंगमध्ये जाऊन तो चॅनेल वगळून टाकला.

"अरे, माझं कीर्तन कुठं गेलं?"

"केबलवाल्यानं बंद केलं, आई."

मग ती रोज बटण दाबत फिरायची. बातम्या, जाहिराती, परत बातम्या. मला वाटलं, विसरेल. ती जाईपर्यंत दोन वर्षं होती माझ्या हातात, पण खरं सांगणं काही जमलं नाही.

शेवटच्या आजारपणात शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्या टीव्हीवर लागतं की हो कीर्तन!"

"आमच्याकडं नाही येत," आई म्हणाली. "दिलीपनं किती शोधलं, बिचाऱ्यानं."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं.

"हो," मी म्हणालो, "खूप शोधलं."