पहिली फ्रेम पार्वतीची

राहनाळच्या केसरीनाथला भिवंडीत दोन गोष्टींमुळे ओळखत. एक म्हणजे बाजारपेठेतला त्याचा फोटो स्टुडिओ, जिथे निम्म्या गावाने पासपोर्टसाठी माना ताठ केल्या होत्या. दुसरी, वाचनालयाच्या सभागृहातला मधला खिळा. दर दिवाळीत वाचनालय हौशी कलाकारांचं प्रदर्शन भरवी आणि समोरच्या भिंतीच्या मधोमध केसरीनाथने काढलेला आकाशाचा फोटो लागे. कधी मृग नक्षत्र, कधी कृत्तिका, सत्त्याण्णव साली तो लांब शेपटीचा धूमकेतू. खिळा वाचनालयाचा होता, पण केसरीनाथने मनातल्या मनात तो कधीच आपल्या सातबाऱ्यावर चढवून घेतला होता.

ताऱ्यांचे फोटो काढायचं त्याचं यंत्र म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या आणि एक लांब आटेदार बोल्ट. लूम दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडून त्याने ते करवून घेतलं होतं. फळीवर कॅमेरा बसवायचा, शटर उघडं ठेवायचं आणि घड्याळाकडे बघत मिनिटाला एक फेरा या हिशेबाने बोल्ट हाताने फिरवत राहायचं. तारे जसे सरकतात तशी फळी सरकते. हात थरथरला की ताऱ्याची रेघ होते. दहा मिनिटांच्या एका फोटोसाठी केसरीनाथ दहा मिनिटं नीट श्वाससुद्धा घेत नसे, आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगे.

आणखी एक रिवाज होता, तो मात्र कुणाला सांगावा असं त्याला वाटलं नव्हतं. आकाशाची नेगेटिव्ह म्हणजे जवळपास कोरी पट्टी. त्यावर तारे काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात, पण एक फ्रेम कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळत नाही. लॅबवाला अंदाजाने कात्री चालवतो आणि नेमका फोटोच कापतो. पाकिटावर सूचना लिहावी, तर वाचतो कोण? म्हणून दर रोलची पहिली फ्रेम केसरीनाथ दिवसाउजेडी काढी: घराचं दार आणि दारात बायको, पार्वती. त्या फ्रेमच्या कडेवरून लॅबवाल्याला पुढचं माप मिळे. चौऱ्याऐंशी सालापासून एकसष्ट रोल झाले, एकसष्ट वेळा पार्वती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. प्रिंट मात्र फक्त आकाशाच्या व्हायच्या.

मग भावेश आला. वडप्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. जमिनीवर गोदामं उभी राहिली, भाडं सुरू झालं आणि पस्तिशीतच हा माणूस कामधंद्यातून मोकळा झाला. दहा वर्षांपूर्वी ध्रुवतारा कुठला हे त्याला केसरीनाथनेच बोट धरून दाखवलं होतं. आता त्याच्याकडे डिजिटल कॅमेरा होता, आपोआप फिरणारी मोटर होती आणि घरी कम्प्युटर. तो अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे चाळीस फोटो काढी आणि ते कम्प्युटरवर एकावर एक रचून एक फोटो करी. बिघडला तर पुसून टाकी. इतकं सोपं! केसरीनाथ लोकांना सांगे, "त्यात काय, मशीन काढतं. हा बाजूला बसून वडापाव खातो." हसून सांगे, पण आतून जळे. वाईट याचं की भावेशचे फोटो चांगले होते. आणि त्याहून वाईट म्हणजे भावेश स्वभावाने गोड होता. धड भांडायचीही सोय नव्हती.

दोन हजार सात सालच्या ऑक्टोबरात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, ययाती तारकासमूहात एक धूमकेतू अचानक उजळला. शेपटी नाही, काही नाही, नुसता गोल धुरकट गोळा. पण नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, "केसरीनाथ, यंदा मधे धूमकेतूच लावू. तुमचा आणि भावेशचा, जो सरस असेल तो." इतक्या वर्षांत 'जो सरस असेल तो' हे शब्द केसरीनाथने पहिल्यांदा ऐकले. त्या दिवशी तो जेवला नाही.

प्रदर्शन पाडव्याला होतं. त्याआधीच्या रविवारी चंद्र उशिरा उगवणार होता, म्हणजे संध्याकाळी आकाश काळं मिळणार होतं. केसरीनाथने वज्रेश्वरीकडच्या शेतात जायचं ठरवलं. चारच्या सुमाराला तो रोल भरत असताना दारात गाडी थांबली.

"केसरीदादा, चला माझ्यासोबत," भावेश म्हणाला. "मी पन तिकडंच चाललोय. फल्या कशाला स्कूटरवर बांधताय?"

"माझ्या फळ्यांना स्कूटरची सवय आहे," केसरीनाथ म्हणाला.

पार्वती ओटीवर करंज्या भरत बसली होती. भावेशने सहज कॅमेरा उचलला, "वयनी, इकडं बगा," म्हणाला आणि फोटो काढून लगेच कॅमेऱ्याची मागची बाजू तिच्यापुढे धरली. पार्वती पिठाचे हात तसेच वर धरून त्या इवल्याशा पडद्याकडे बघत राहिली.

"अगो बाई! मी अशी दिसतंय?" ती म्हणाली आणि हसली. "अजून एक काड ना. ह्यात डोले मिटलेत."

भावेशने अजून एक काढला. मग अजून एक. ती दर वेळी बघत होती, मान वाकडी करत होती, पदर सारखा करत होती. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि केसरीनाथने तिला असं लाजताना शेवटचं कधी पाहिलं ते त्याला आठवेना. त्याने मनातल्या मनात भावेशला सुनावलं, खिळा घेतलास, आता ओटीपण घे! त्याने फळ्या बांधल्या, कॅमेरा गळ्यात टाकला आणि स्कूटरला किक मारली. पार्वती हात झटकत उठून दारात येऊन उभी राहिली होती, नेहमीसारखी. त्याने मागे पाहिलंसुद्धा नाही.

शेतात त्याचं काम झकास झालं. पाच फोटो झाले. त्यातल्या चौथ्याला बोल्ट असा फिरला की मोटरनेसुद्धा तोंडात बोट घालावं. चार बांधांपलीकडे भावेशच्या कॅमेऱ्याचा पडदा अधूनमधून उजळत होता. तिकडे पाठ करून केसरीनाथ मनाशी म्हणाला, यंदाही खिळा माझाच.

धनत्रयोदशीला लॅबमधून पाकीट आलं. चौथ्या फोटोतला धूमकेतू बरोबर मधोमध कापलेला होता. अर्धा एका पट्टीच्या शेवटी, अर्धा दुसरीच्या सुरुवातीला. बाकीच्या चारांत भिंगावर धरलेलं दव होतं नाहीतर ताऱ्यांच्या रेघा. केसरीनाथ लॅबवाल्याला शिव्या घालायला निघाला. त्याने तोंड उघडलंही, आणि लॅबवाला म्हणाला, "दादा, आज अपनी भाभी नहीं थी रोल में. माप कहाँ से लेता?"

केसरीनाथ तसाच परत फिरला.

पाडव्याला मधल्या खिळ्यावर भावेशचा धूमकेतू लागला. बघणाऱ्याने बघत राहावं असा होता. भावेश सगळ्यांना सांगत होता, "आकाश मना दादांनीच शिकवलं." केसरीनाथला वाटलं, याने आपल्याला चारचौघांत शिवी दिली असती तरी बरं झालं असतं. घरी आला तर देव्हाऱ्याशेजारी पार्वतीचा फोटो टेकवलेला: पिठाचे हात, हसरा चेहरा. भावेशने प्रिंट करून आणून दिला होता.

आता केसरीनाथ इरेला पेटला. त्याने एक दाखवला ना? मी एकसष्ट दाखवतो! दिवाळी सरताच त्याने सगळ्या जुन्या नेगेटिव्ह काढल्या, प्रत्येक रोलच्या पहिल्या फ्रेमची प्रिंट करून घेतली आणि गठ्ठा आणून पार्वतीच्या मांडीवर ठेवला. "घे. हे सगळे मी काढलेले."

पार्वतीने एकेक फोटो उचलला. हिरव्या लुगड्यातली. सातव्या महिन्यातली. आई गेली त्या वर्षीची, सुजलेल्या डोळ्यांची. मग अगदी पहिला, चौऱ्याऐंशीचा फोटो हातात धरून म्हणाली, "किती तरनी हाय ही. हिला मी कदी बगितलीच न्हाय."

"तूच आहेस."

"हाय, म्हाईत हाय. पन तवा दाखवली असती तर मना पन गावली असती." आवाजात राग नव्हता. तिने फोटो नीट रचले आणि ट्रंकेत ठेवले. देव्हाऱ्याजवळचा तिथेच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी केसरीनाथने नवा रोल भरला आणि नेहमीसारखी हाक मारली. पार्वती पदराला हात पुसत दारात आली. त्याने फोटो काढला. ती पुढे झाली आणि तिने हात पुढे केला. "दाखवा."

कॅमेऱ्याच्या मागे नुसतं काळं झाकण होतं. दोघंही त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. "बरं, बरं," म्हणून ती हात मागे घेऊन आत वळली.

त्या घटकेला केसरीनाथला भावेशचा जितका हेवा वाटला तितका धूमकेतूपायीही वाटला नव्हता. रोलमध्ये आकाशाचे पस्तीस फोटो काढायचे शिल्लक होते. तो क्षणभर थांबला, मग बटण दाबून त्याने सगळा रोल उलटा गुंडाळला, काढून खिशात टाकला आणि स्कूटर लॅबकडे घेतली.